मदत हवी आहे: एकच दाढ, तीन डॉक्टर, तीन सल्ले

खानापूरकर
खालची डावी पहिली दाढ, सहा वर्षांपूर्वी रूट कॅनल, वर सिरॅमिक कॅप. दुखत नाही, सूज नाही. शेजारच्या दातासाठी काढलेल्या एक्स-रेत मागच्या मुळाच्या टोकाला काळी सावली, ३ मिमीच्या आसपास. एक डॉक्टर म्हणतात राहू दे, दुसरे री-आरसीटी (रूट कॅनल पुन्हा), तिसरे दात काढून इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून कृत्रिम दात). ठरवायचं कशावर?

मुळाशी
लगेच कुणाला लुबाडू ठरवू नका. बीडीएसच्या (दंतवैद्यकाची पदवी) चार वर्षांत आणि इंटर्नशिपच्या एका वर्षात रूट कॅनल शिकवतात, पण फसलेलं उकलायला हात बसतो तो एमडीएसला (पुढची पदव्युत्तर पदवी), तोही एंडो, म्हणजे रूट कॅनलच्या शाखेत. त्या शाखेला सावली म्हणजे रोग. जनरल प्रॅक्टिसला दुखत नाही म्हणजे चाललंय. कॅप-इम्प्लांटवाला आधी बघणार, वर बांधायला दात किती उरलाय. लहान सावली आणि तक्रार शून्य, अशा ठिकाणी हा फरक सगळ्यात जास्त दिसतो.

म्हणून सल्ला कमी ऐका, पुरावा मागा. रूट कॅनल संपलं त्या दिवशीचा एक्स-रे मिळतोय का बघा. तेव्हा सावली मोठी होती आणि आता लहान, तर बरं होत आलंय. तेवढीच किंवा वाढलेली असेल तर सहा वर्षं पुरेशी झाली. सावली म्हणजे तिथलं हाड विरलेलं; ते भरायला चार वर्षांपर्यंत वाट बघतात, त्यापुढे नाही. तेव्हा नव्हतीच? मग कॅपखालून लाळ आत झिरपली असेल.

मुळाच्या नळीतलं भरण टोकापासून २ मिमीपेक्षा जास्त आखूड असेल तर री-आरसीटीला वाव आहे. भरण मुळाच्या मधोमध नसून एका बाजूला सरकलेलं दिसतंय का तेही विचारा. तसं असेल तर शेजारी दुसरी नळी राहिली असण्याची शंका घ्यायची. तेव्हा लहान भागाचा सीबीसीटी (दाताचा त्रिमितीय एक्स-रे) काढावा, सरसकट नको.

हिरडी_स्पेशल
वरच्यात एक राहिलं. प्रोबने (खुणा असलेली बारीक सळई) दात आणि हिरडीमधली खोली सगळीकडून मोजून घ्या. सगळीकडे ३ मिमी आणि एकाच अरुंद जागी अचानक ८-९, तर मूळ उभं चिरलेलं असण्याची दाट शंका. मग री-आरसीटीचे पैसे पाण्यात. दोन मिनिटांचं काम, पण घाईच्या ओपीडीत राहून जातं.

इम्प्लांट सांगणाऱ्यांना 'कशावरून?' एवढंच विचारा. चीर आहे, किंवा कीड काढल्यावर हिरडीच्या वर सगळीकडून २ मिमी निरोगी दात उरत नाही, असं उत्तर आलं तर पटण्यासारखं. 'री-आरसीटी टिकत नाही' हे कारण नव्हे.

बेळगावात केएलईच्या किंवा मराठा मंडळाच्या हलगेकर डेंटल कॉलेजात कॉन्झर्व्हेटिव्ह (रूट कॅनल करणाऱ्या) विभागात दाखवा. एक्स-रेची जुनी फिल्म न्या, व्हॉट्सॲपवरचा फोटो नको. सावलीची कड त्यात पुसट होते.

खानापूरकर
आभार दोघांचेही. कॅप शाबूत ठेवून री-आरसीटी होईल का?

मुळाशी
वरून भोक पाडून होतं, पण मग खालची कीड आणि चीर झाकलेलीच राहते. कॅप काढलेली बरी, आणि सिरॅमिक बहुधा कापूनच निघते. तेव्हा नव्या कॅपचा खर्च आधीच धरा. आत धातूची पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेली काडी) आहे का तेही विचारून घ्या की, ती काढताना मूळ फुटू शकतं. रबर डॅम (लाळ आत जाऊ नये म्हणून दाताभोवती ताणलेला रबराचा पडदा) लावणार का, हेही. दोन बैठका लागल्या तर मध्ये नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतुनाशक औषध आठवडा-दोन आठवडे राहतं. तात्पुरतं भरण निघालं तर दुखायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.