गॅदरिंगला तृतीयपंथीयांवर एकांकिका बसवतोय, पण ती सांगायची कुणी?

नाट्यवेडा_सातारा
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो, नाटकाचा ग्रुपही मीच बघतो. यंदा पोरांनी तृतीयपंथी माणसांवर एकांकिका लिहिलीय, मनापासून लिहिलीय. मुख्य काम एक मुलगा करतोय, गुणी आहे. पण परवा बाकीच्या वर्गांसमोर तालीम केली आणि तो साडी नेसून टाळी वाजवत एंट्रीला आला तसा सगळा हॉल हसत सुटला, आणि सीन कुठला तर बाप घरातून हाकलून देतो तो. पोरगं विंगेत येऊन रडलं हो. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, आपण हे करावं का, आणि करायचं तर कसं. अशा कलाकारांनी स्वतः स्टेजवर उभं राहून आपली गोष्ट सांगितलीय आणि त्याने लोकांत फरक पडलाय, असं कुणी जवळून बघितलंय का?

पडद्यामागचा
सर, पोराची काही चूक नाही. आपल्या प्रेक्षकाला हे हसू तमाशातल्या नाच्यापासून लागलेलं आहे. गणपत पाटील केवढा मोठा नट, पण नाच्या इतका हुबेहूब केला की खऱ्या आयुष्यातही लोकांनी त्यांना तेच समजून टोमणे मारले, घरच्यांनाही ते भोगावं लागलं. तर साडी आणि टाळी दिसली की हसायचं हे डोक्यात आधीच बसलंय, तुमचा सीन सुरू व्हायच्या आधीच. माझं मत, एंट्री साध्या कपड्यात, गप्प, आणि आधी बोलू द्या.
आणि श्रीरामपूरच्या तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या कविता पोरांना नक्की वाचायला द्या. 'कुरूप' नावाचा संग्रह आहे. त्या 2019 ला वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्याही झाल्या. त्यांचं भाषण ऐका आणि मग कविता ऐका, आवाज एकच आहे, ज्या हक्काने राजकारणावर बोलतात त्याच हक्काने स्वतःच्या शरीरावर बोलतात.
बाकी नट कुठलंही काम करू शकतो हे मी मानतो, त्यामुळे मुलाला काढू नका.

बंगळूरकर_मीनल
शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही दादा. नट कुठलंही काम करू शकतो, मान्य, पण ज्यांना कुठलंच काम मिळत नाही त्यांचं एकमेव कामसुद्धा दुसऱ्यानेच करायचं का?
सर, इकडे ए. रेवती म्हणून तृतीयपंथी लेखिका आहेत, मूळच्या तमिळ. आधी आपलं आत्मचरित्र लिहिलं, मग ते कन्नडमध्ये 'बदुकु बयलु' म्हणून आलं, त्यावर नाटक झालं आणि त्या नाटकात त्या स्वतः उतरल्या. पुढे ए. मंगै यांच्या दिग्दर्शनात 'वेळ्ळै मोळि' हा एकपात्री प्रयोग केला. मी बघितलाय. तमिळ मला जेमतेम कळतं तरी सांगते, कुणीही हसलं नाही, कारण समोरची बाई कुणाची नक्कल करत नव्हती, स्वतःचं सांगत होती आणि काय सांगायचं न् कुठे थांबायचं ते तिचं तीच ठरवत होती.
आणि इकडच्याच लोकनर्तिका मंजम्मा जोगती! घर सुटलं, भीक मागायची वेळ आली, दावणगेरेच्या बस स्टँडवर डोक्यावर कळशी तोलून नाचणारा एक मुलगा आणि गाणारा त्याचा बाप दिसला, तिथून नाच शिकायला लागल्या, पुढे काळव्वा जोगतींच्या हाताखाली तयार झाल्या. यल्लम्माच्या नावाने दारोदार होणारा तो नाच त्यांनी रंगमंचावर नेला. 2019 ला कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या तृतीयपंथी. 2021 ला पद्मश्री घ्यायला गेल्या तेव्हा राष्ट्रपतींसमोर पदर धरून त्यांची दृष्ट काढली, तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. माझी आई रोज देवपूजा करणारी, पण असल्या विषयावर घरात बोलायची नाही, तिने तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणाली, बाई मनाची मोठी आहे. 'बाई' म्हणाली. मला त्या एका शब्दाचं किती वाटलं ते सांगता येत नाही.

चौंडकंवाली
मी गडहिंग्लजकडची, जोगतीण, म्हणजे यल्लम्माला सोडलेली. चौंडकं, म्हणजे देवीच्या गाण्यातलं तारेचं वाद्य, वाजवते, गाते, सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात जाणं-येणं असतंय. मंजम्मांचं वाचून बरं वाटलं, आमच्याकडं अजून लोक देवीच्या परडीला पाया पडतात आणि तीच माणसं घर भाड्यानं देत नाहीत, असं आहे बघा.
सर, एक सांगते. दोन वर्षांमागं एका कॉलेजनं बोलावलेलं. मी गाणी बसवून गेले, यल्लम्माची दोन आणि एक माझं स्वतःचं, तर म्हणले गाणी राहू द्या ताई, तुमचं दुःख सांगा. मग एकानं जुनं नाव विचारलं, एकानं ऑपरेशन झालंय का विचारलं, पाचशे पोरांसमोर. शेवटी शाल आणि नारळ. एसटीचं भाडं पण मीच घातलं. त्या दिवशी घरी येऊन चौंडक्याला हात लावला नाही.
तुम्ही बोलावणार असाल कुणाला तर कलाकार म्हणून बोलवा. मानधन आधी ठरवा, कपडे बदलायला खोली आणि बाथरूम कुठलं ते आधी सांगा, आणि प्रश्न आधी लिहून घ्या, नको ते बाजूला काढता येतात. टाळीचं म्हणाल तर ती काढून टाकू नका. आमच्यात टाळीला अर्थ असतात, रागाची वेगळी, बोलावायची वेगळी. पोरांना ते ठाऊक नाही म्हणून ती नुसती टाळी वाटली आणि हसू आलं.

पडद्यामागचा
ताई, टाळीबद्दल मी घाईत लिहिलं, तुमचं बरोबर आहे. मीनल, तुमचा मुद्दाही पटला.

नाट्यवेडा_सातारा
काल पोरांना बसवून हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्याचं मुख्य काम आहे तो मुलगाच म्हणाला, सर मी बापाचं काम करतो, हाकलणारा बाप कसा असतो ते मला माहितीय. त्याच्या घरचं हे मला माहीत नव्हतं. रात्री त्याच्याशी वेगळा बोललो.
गॅदरिंगच्या बजेटमधून लाइटचा खर्च कमी करून मानधन बाजूला ठेवलंय, प्राचार्यांची सही झाली. ताई, तुम्हाला मेसेज टाकलाय. तिन्ही गाणी हवीत, तुमचं स्वतःचं आधी. एकांकिका त्यानंतर होईल, आणि त्याआधी तुम्ही एक तालीम बघून जे काढायचं ते काढा. स्टाफरूमशेजारची खोली रिकामी करून घेतोय, आतून कडी आहे.

चौंडकंवाली
मेसेज बघितला सर. येते. सोबत माझी चेली असंल, तुणतुणं ती वाजवते, तिचंही मानधन धरा.