मदत हवी आहे: क्युबिट (क्वांटम संगणकाचा बिट) मोजला की एकच उत्तर मिळतं, मग फायदा कसला?

नमस्कार मंडळी,

मी नववीला विज्ञान शिकवते. परवा विज्ञान मंडळात टेबलावर रुपया गरगर फिरवला आणि म्हटलं, फिरतोय तोवर छापाही आणि काटाही, तसा असतो क्युबिट. असे १० घेतले की १०२४ शक्यता एकदम. मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, “बाई, पण थांबवल्यावर एकच दिसणार. मग त्यापेक्षा चिठ्ठी उचललेली काय वाईट?”

माझी बोलती बंद.

घरी येऊन वाचलं. गणितज्ञ पीटर शोर यांची क्वांटम संगणकासाठीची १९९४ ची पद्धत संख्येचे अवयव काढताना आवर्तन शोधते, एवढं कळलं. १५ साठी वहीत करूनही पाहिलं. ७ चे घात घ्यायचे, १५ ने भागून बाकी लिहायची: ७, ४, १३, १, पुन्हा ७, ४... दर चौथ्या पावलाला १. चारचं निम्मं दोन, ७ चा वर्ग ४९. आता त्यातून एक कमी, ४८ आणि १५ चा मसावि ३; एक जास्त, ५० आणि १५ चा ५. झाले अवयव! आयबीएमच्या चमूने २००१ मध्ये ७ क्युबिटांवर हेच १५ फोडले होते.

पण मोजल्यावर ते आवर्तन हाती लागतं कसं? सगळे ‘इंटरफिअरन्समुळे’ म्हणून पुढे सटकतात. शनिवारी पुन्हा तास आहे. ‘सगळी उत्तरं एकदम तपासतो’ हे मात्र कृपया नको, त्यानेच मी तोंडघशी पडले.

प्रतिसाद १

ताई, घोळ रुपयाने केलाय. नाणं उडवा, न बघता पुन्हा उडवा, तरी निम्मे-निम्मेच. क्युबिट मात्र ० पासून निघाला आणि त्यावर हॅडामार्ड गेट (० ला ० आणि १ च्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात नेणारी क्रिया) लागोपाठ दोनदा लावलं, तर तो नक्की ० वरच परततो. कारण इथे वाटांना अधिक-उणे चिन्ह असतं. १ कडे जाणाऱ्या दोन वाटा +½ आणि −½, बेरीज शून्य. ० कडच्या दोन्ही +½. हाच तो इंटरफिअरन्स. शोरच्या पद्धतीत निरुपयोगी उत्तरांच्या वाटा अशाच एकमेकींना खातात. आयबीएमच्या क्लाउडवरच्या खऱ्या यंत्रावर करून पाहा, अधूनमधून १ पण येईल. तेही मुलांना दाखवाच.

धागाकर्ती

म्हणजे बिनकामाच्या चिठ्ठ्या उचलायच्या आधीच बाद! फळ्यावर +½ −½ लिहिते. पण तो अधूनमधूनचा १ कुठून येतो, हे ती पोरगी विचारणारच. त्यावर दोन ओळी लिहाल का?