व्हायोलिन-व्हायोलाची जुगलबंदी दोन फ्लूटवर: उतरवावी की राहू द्यावी?

बालाघाट (अंबाजोगाई):
माझ्याकडं दोन पोरी फ्लूट शिकायल्यात. बांबूची बासरी नव्हे, चाव्यांचा पाश्चात्त्य फ्लूट. त्यांच्याकडून मोत्सार्टचा १७८३ चा व्हायोलिन-व्हायोलाचा ड्युएट (त्याच्या रचनांच्या यादीत के. ४२३) बसवून घ्यायचाय. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचाच थोडा मोठा, खालच्या सुराचा भाऊ. व्हायोलाचा सगळ्यात खालचा स्वर सी, साध्या फ्लूटचाही सी, फक्त एक सप्तक वरचा. म्हणजे व्हायोलाचा भाग सप्तकभर चढवला की बसतो. व्हायोलिनचं जे त्या सीच्या खाली जातं, तेवढंच हलवायचं. कुणाची हरकत?

पूर्णाकाठ (परभणी):
माझी आहे. बोटं बसतील, संगीत नाही बसणार. व्हायोला चढवला की तो ठिकठिकाणी पहिल्या फ्लूटच्या वर जाणार. खालचा आधारच वर गेला की सा-प चं प-सा होतं, म्हणजे पाचव्याचं अंतर चौथ्याचं होतं, आणि त्या काळच्या शैलीत खालच्या स्वरापासून चौथा स्वर खटकणारा, सोडवावा लागणारा. त्यात दोन्ही फ्लूटचा आवाज एकसारखा, कोण वर कोण खाली ते कळणार पण नाही. तेलेमान या जर्मन संगीतकारानं १७३८ ला पॅरिसमध्ये सहा कॅनन सोनाटा छापले. दोन फ्लूट घ्या नाहीतर दोन व्हायोलिन, त्याचीच मुभा. ते सोडून हा उपद्व्याप कशाला?

बालाघाट:
कॅननमध्ये पहिली जे वाजवते तेच दुसरी मागून वाजवते. मोत्सार्टचा व्हायोला उलट उत्तर देतो, पोरींना तेच शिकवायचंय. आणि खुद्द मोत्सार्टनं ओबो या दुसऱ्या फुंकवाद्याचा सी मेजरमधला कॉन्चेर्तो (एक वाद्य आणि वाद्यवृंदाची रचना) एक स्वर वर, डी मेजरमध्ये नेऊन फ्लूटला दिलाच की! जिथं आवाज एकमेकांना ओलांडतील तिथं दोघींचे भाग अदलाबदल करीन.

बन्सीवाला (हिंगोली):
मी बांबूवाला, तरी बोलतो. सतारीची मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) बासरीवर घ्यायला गेलं की तीव्र मध्यम ते पंचम इथं गाडी अडते. मध्यमाला सगळी भोकं उघडी, पंचमाला सगळी बंद. सतारीवर तार ओढली की काम झालं. म्हणून आम्ही जागाच बदलतो, वाद्य बदललं की तेवढं करावंच लागतं. बालाघाट, तुम्ही स्वर हलवायच्या आधी श्वासाच्या खुणा करा. गज फिरवणाऱ्याला दम लागत नाही, पोरींना लागतो. दोन तारा एकदम वाजतात तिथं काय करणार, तेही ठरवा.

पूर्णाकाठ:
बन्सीवाले, हे तर माझ्याच बाजूचं झालं. तुम्ही राग वाजवता. जागा बदलली तरी राग तोच राहतो. इथं राग नाही, कोणता स्वर कुणाच्या खाली हीच रचना. तीच हलवली तर मोत्सार्टचं नाव कशाला लावायचं?

मांजराकाठी (लातूर):
कार्यक्रम मे महिन्यात असेल तर एक बरंय. हवा तापली की फ्लूटचा सूर चढतो, तारांचा उतरतो. दोन्ही फ्लूट असले तर निदान संगंच चढतील 😄

बालाघाट:
पूर्णाकाठ, आधाराचा मुद्दा मान्य, नावाचा नाही. 'फ्लूटसाठी रूपांतर' असं ठळक लिहीन. सध्या फक्त मधला अडाजिओ, म्हणजे संथ भाग घेतो, त्यात श्वासाला जागा काढता येते. दोन तारा आल्या की वरचा स्वर ठेवायचा, खालचा दुसरीकडं जमला तर द्यायचा. व्हायोलाच्या भागाला आल्टो फ्लूट (मोठा, खालच्या सुराचा फ्लूट) मिळाला तर बरंच मूळ जागी राहील, तो साध्या फ्लूटच्या सीच्या खालच्या 'जी' स्वरापर्यंत जातो. संभाजीनगर ते नांदेड कुणाकडं आहे का? भाडं देऊ.