पूर्ण सायकल मेट्रोत नेता येत असताना घडीची सायकल घ्यायची कशाला?

(सायकलवाल्यांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

दातेरी चक्र

पुणे मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली तेव्हापासून साधी, न दुमडणारी सायकल डब्यात नेऊ देते. मुंबईत २अ आणि ७ या मार्गांवरही नेता येते. तरीही 'मेट्रोला जोड' म्हणून जो तो घडीची सायकल सुचवतोय. माझं मत उलट आहे, त्याची कारणं अशी.

घडी घातल्याने लांबी कमी होते, वजन नाही. चाळीस हजारांच्या आतल्या २० इंची घडीच्या सायकलींचं वजन १२ ते १४ किलो असतं, साध्या हायब्रिडचंही (मोठ्या चाकांची, न दुमडणारी शहरी सायकल) जवळपास तेवढंच. तेवढ्याच पैशांत हायब्रिडला ब्रेक आणि गिअर बरे मिळतात, कारण घडीच्या सायकलीत फ्रेमची बिजागरी, हँडलपोस्टची (हँडल ज्यावर बसतं त्या खांबाची) बिजागरी आणि दुमडते पेडल यांचेच पैसे जातात. वर चाक लहान. ज्या खड्ड्यात मोठं चाक नुसतं हेलकावतं तिथे लहान चाक आत उतरतं आणि कडेवर आपटतं. पुण्याचे रस्ते पावसाळ्यानंतर कसे असतात ते वेगळं सांगायला नको.

त्यापेक्षा दोन्ही टोकांना एकेक जुनी सायकल ठेवा. घर ते वनाझ स्टेशन एक, मार्गाच्या दुसऱ्या टोकाच्या रामवाडी स्टेशनापासून खराडीतल्या ऑफिसपर्यंत दुसरी. दोन्ही मिळून घडीच्या एका सायकलीपेक्षा स्वस्त पडतील आणि मेट्रोत हात मोकळे राहतील.

मधला डबा

असहमत. परवानगी आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत राव.

पुण्याची गाडी तीन डब्यांची. साधी सायकल सुमारे पावणेदोन मीटर लांब. ती दाराजवळ आडवी धरली की दाराचा रस्ताच बंद. सकाळी साडेनऊला सिव्हिल कोर्टवर, जिथे दोन्ही मार्ग एकमेकांना मिळतात, तिथे हे करून बघा म्हणजे सहप्रवासी काय म्हणतात ते कळेल. स्वारगेट मार्गाचा फलाट तिथे जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे. म्हणजे रामवाडीची गाडी पकडायला तळापासून थेट उन्नत फलाटापर्यंत चढायचं. सरकत्या जिन्यावर सायकल न्यायची नाही, म्हणजे लिफ्ट. लिफ्टच्या रांगेत व्हीलचेअर आणि म्हातारी माणसं असतात. सायकल उभी धरली तरी दोन माणसांची जागा खाते. २० इंची घडी साधारण ८० × ६५ × ४० सेंटीमीटरची होते, पायांशी उभी राहते.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा ऑफिसचा. साध्या सायकलीला सिक्युरिटीवाला बेसमेंटच्या पार्किंगकडे बोट दाखवतो. कापडी पिशवीत घातलेली घडी मात्र सामान म्हणून आत जाते आणि टेबलाखाली बसते. सायकल चोरीला जाण्याचा प्रश्नच मिटला.

कुर्ला पश्चिम

मुंबईपुरतं सांगतो. लोकलच्या गर्दीत दोन्ही पक्ष हरलेत. मधल्या स्टेशनांवर गाडी अर्धा मिनिटही धड थांबत नाही. सकाळी चर्चगेट किंवा सीएसएमटीच्या दिशेने लगेजच्या डब्यातही १३ किलोचा ठोकळा घेऊन चढणं म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या नडगीचा सत्यानाश. त्यात दहा-साडेदहानंतर डबेवाल्यांचे क्रेट त्या डब्यात असतात आणि ती जागा त्यांची आहे.

उपयोग कुठे होतो? उलट दिशेच्या प्रवासाला, नाहीतर सातच्या आत. कुर्ला किंवा वांद्र्याहून बीकेसी हा टप्पा सायकलसाठीच आखल्यासारखा आहे: सपाट, दोन-तीन किलोमीटर, आणि रिक्षाच्या रांगेत जातो त्याहून कमी वेळ लागतो. पण त्यासाठी आधी गाडीतून उतरता आलं पाहिजे.

दातेरी चक्र

@मधला डबा, सिव्हिल कोर्टचा मुद्दा मान्य. पण १३ किलोची घडी हातात धरून चालणंही सोपं नाही. फलाटाच्या एका टोकापासून लिफ्टपर्यंत नेऊन बघा, दंड भरून येतो.

मधला डबा

उचलायची कशाला? लोक घाईने घराबाहेर पडतानाच घडी घालतात आणि सगळीकडे उचलत फिरतात, तिथेच चुकतं.

स्टेशनात उघडी सायकल ढकलत न्या, रुंद गेटमधून आत जा, लिफ्टच्या दारापाशी घडी घाला. सवय झाली की अर्ध्या मिनिटाचं काम. क्रम असा: मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चक्रावर घ्या, म्हणजे डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आत सरकतो आणि घडीत आपटत नाही. मग डावं पेडल दुमडा आणि क्रँक (पेडलचा दांडा) अशी फिरवून ठेवा की पुढचं चाक वळून आलं की पेडलला धडकणार नाही. हँडलपोस्ट आतल्या बाजूला, दोन चाकांच्या मध्ये, बसणारा असेल तर तो फ्रेमच्या आधी खाली घ्यायचा. बाहेरच्या बाजूला पडणारा असेल तर फ्रेमनंतर. मग फ्रेमची कडी उघडून पुढचा भाग मागे वळवा, दोन्ही चाकं एकत्र धरणारा चुंबक लागल्याचा टक आवाज आला पाहिजे. सीट शेवटी खाली करायची, कारण तोवर तीच तुमची मूठ असते.

लिफ्टमधून बाहेर आल्यावर चालायचं असेल तर सीट पुन्हा वर काढा आणि घडी तिच्या आधाराने दोन चाकांवर ढकला. चुंबक कमजोर असेल तर चाकं फाकतात. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही चाकांभोवती वेल्क्रोचा पट्टा.

बिघाड होतो तो केबलचा. हँडलपोस्ट रोज दुमडला की गिअरच्या केबलचं बाहेरचं आवरण वाकण्याच्या जागी तडकतं आणि मग गिअर आपोआप उड्या मारतो. लोक डिरेलर ॲडजस्ट करत बसतात. आवरण बदला, दोनेक इंच जास्त लांबीचं टाका, प्रश्न संपतो.

फूटपट्टी

बाहेरगावी नेणाऱ्यांसाठी एक इशारा. बंगळुरूच्या मेट्रोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये घडीच्या सायकलींना शेवटच्या डब्यात परवानगी दिली, तेव्हा मापाची अट ६० × ४५ × २५ सेंटीमीटर आणि वजनाची १५ किलो अशी होती. आता गणित करा. २० इंची चाकाच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ४०६ मिलिमीटर, वर टायर दोन्ही बाजूंनी सुमारे ४४-४४. म्हणजे नुसतं चाकच ४९ सेंटीमीटरच्या वर. जगातली कुठलीही २० इंची सायकल कशीही दुमडा, ४५ मध्ये बसणार नाही. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीच्या सायकलीची घडी लहानातली लहान मानली जाते, तीही साधारण ६४ × ५८ × २७ होते. म्हणजे कागदावर तीही बाद, आणि तिची किंमत लाखाच्या वर! अशा नियमात शेवटी दारावरचा माणूस काय ठरवतो तेच चालतं. त्यामुळे काळी पिशवी हवीच. चेनचं ग्रीस दिसलं की हरकत घेतली जाते, सामान दिसलं की घेतली जात नाही.

ब्रॉम्प्टनच्या घडीत चेन दोन चाकांच्या मध्ये दडते. मध्यावर दुमडणाऱ्या बहुतेक सायकलींत ती बाहेर राहते आणि शेजारच्याच्या पँटला लागते.

पंक्चरवाला कोपरा

खरेदी करणाऱ्यांनो, रंग आणि गिअरची संख्या बघण्याआधी टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचा. '४७-४०६' (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) असं काही असेल तर सायकल डोळे मिटून घ्या, कारण मुलांच्या २० इंची सायकलीला हेच माप लागतं आणि ट्यूब कुठल्याही गल्लीतल्या दुकानात मिळते. ४५१ असेल तर तीही '२० इंची'च म्हणवते, पण दुकानदार देईल ती ट्यूब-टायर बसणार नाही. १६ इंचातही तोच घोळ: ३०५ सर्रास मिळतं, ब्रॉम्प्टनचं ३४९ मागवावं लागतं.

हवा ५० पीएसआयच्या आसपास ठेवा. लहान चाकात हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेंगरून सापाच्या चाव्यासारखी दोन भोकं पडतात. दातेरी चक्र यांचा खड्ड्याचा मुद्दा अर्धा इथेच सुटतो. उरलेला अर्धा रुंद टायरने, पावणेदोन इंचाच्या खाली जाऊ नका.

दातेरी चक्र

टायरचं पटलं. पण वनाझवरून चांदणी चौकाचा चढ घेऊन बावधनला जाणाऱ्याला पुण्यातल्या शोरूममध्ये सिंगलस्पीड, म्हणजे एकाच गिअरची, घडी विकतात, त्याचं काय? आणि दोन सायकलींच्या पर्यायावर कोणीच बोललं नाही.

मधला डबा

चढासाठी सिंगलस्पीड नकोच. पुढचं चक्र ५२ दात्यांचं आणि मागची ११ ते २८ दात्यांची असतील तर सगळ्यात हलक्या गिअरला पेडलच्या एका फेऱ्यात सायकल पावणेतीन-तीन मीटर जाते, त्यावर चांदणी चौक निघतो. मागचं मोठं चक्र २८ च्या खाली असेल तर उतरून ढकला.

दोन सायकलींचं म्हणाल तर हिशेब रामवाडीच्या बाजूला फसतो. तिकडची सायकल रोज रात्रभर आणि शनिवार-रविवार स्टेशनाखाली उभी राहणार. बऱ्याच स्टेशनांना धड पार्किंग नाही, छप्पर तर सोडाच. पावसाळ्यात महिन्याभरात चेन गंजते, आणि सोमवारी सीट जागेवर असेल याची खात्री कोण देणार? सीटला क्विक रिलीजऐवजी (हाताने उघडणाऱ्या कडीऐवजी) नट-बोल्ट लावा, साखळी फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घाला, तरच हा पर्याय चालतो. ऑफिसच्या आवारात रात्री सायकल ठेवू देत असतील तर मात्र तुमचंच बरोबर. मग घडी घेऊच नका.

बिजागरी

जुनी घडी घेणाऱ्यांनी व्यवहाराआधी एवढं तपासा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं फ्रेमच्या बिजागरीच्या फटीवर ठेवा. बोटांना हालचाल जाणवली तर आधी कडीचा बोल्ट पाव-पाव फेरा आवळून बघा. कडी बंद करताना तळहाताला चांगला जोर लागला पाहिजे, एका बोटाने बंद होत असेल तर ती सैल आहे. आवळूनही खेळ जात नसेल तर पिनच झिजलीय.

मग बिजागरीच्या दोन्ही बाजूंचं वेल्डिंग ओल्या फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात तिरकं बघा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा गेला की तो रंगाखाली केसाएवढ्या काळ्या रेघेसारखा दिसतो. अशी रेघ दिसली तर भाव पाडून घेऊ नका, तशीच सोडा. वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतील, पण त्या उष्णतेने जोडाजवळची फ्रेम मऊ पडते आणि दुसरा तडा शेजारीच जातो. हँडलपोस्टच्या बुडाशीही हेच तपासा, तिथे तुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

दातेरी चक्र

ऑफिसला फोन केला, रात्री सायकल ठेवू देत नाहीत. तरी २० इंचीला चाळीस हजार घालायचे नाहीत. जुनी, ४०६ ची, सात गिअरवाली कोणी विकत असेल तर बिजागरीचे फोटो आधी टाका, रंगाचे नंतर.