मदत हवी आहे: वेबसाइटचा मेनू कोणाच्या डोक्याने लावायचा?

सार्वजनिक ग्रंथालयाची वेबसाइट नव्याने बांधतोय. डिझाइनला अजून हात लावलेला नाही, आधी मजकुराची मांडणी ठरवायची आहे. त्यासाठी सभासद आणि कर्मचारी दोघांकडून कार्ड सॉर्टिंग (विषय लिहिलेली कार्डं देऊन त्यांचे गट पाडायला लावणं) करून घेतलं. गट कसे पाडायचे, त्यांना नावं काय द्यायची, सगळं त्यांच्यावरच सोडलं होतं.

निकाल सरळ दोन तुकड्यांत आला. कर्मचारी विभागांप्रमाणे गट पाडतात: देवघेव, संदर्भ, बालविभाग. सभासद कामाप्रमाणे: पुस्तक शोधायचंय, मुदत वाढवायचीय, सभासद व्हायचंय. माझा कल अर्थातच सभासदांकडे आहे, पण 'मुदतवाढ' कुठे ठेवायची यावर त्यांच्यातही एकमत नाही. दोन्हीकडे दुवा देऊन पाहिला, तर मेनू मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला.

अडचणी अशा: बहुतेक लोक मोबाइलवरून येतात, त्यामुळे वरच्या पातळीवर मोजकेच पर्याय मावतात. पुस्तकांची सूची वेगळ्या प्रणालीवर आहे, म्हणून 'सर्च द्या, प्रश्न मिटेल' हा सल्ला इथे चालणार नाही. सशुल्क साधनं घेता येणार नाहीत; कागदावर किंवा समोरासमोर चाचणी घेऊ शकतो.

आता दोन पर्यायी मेनू करून ट्री टेस्टिंग (डिझाइनशिवाय नुसता मेनू दाखवून एखादी गोष्ट कुठे सापडेल ते शोधायला लावणं) घ्यायचा विचार आहे. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचा २००० सालचा 'पाच जण पुरतात' हा सल्ला वापरचाचणीसाठी (लोकांना साइट वापरायला देऊन अडचणी शोधण्यासाठी) होता. कार्ड सॉर्टिंगसाठी त्यांनीच २००४ मध्ये पंधरा जण सुचवले होते. मग समोरासमोरच्या ट्री टेस्टिंगला किती माणसं घ्यावीत, आणि दोन्ही मेनू एकाच माणसाला दाखवले तर दुसऱ्याचा निकाल बिघडतो का?