मदत हवी आहे: वेफर्सची पाकिटं, टेट्रापॅक, दुधाच्या पिशव्या... सोसायटीतल्या लोकांना वेगळं ठेवायला कसं लावावं?

मनीप्लांट

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रोडला. ओला-सुका वेगळा द्यायची सवय लोकांना बऱ्यापैकी लागली आहे. कचरा न्यायला येणाऱ्या ताई सुक्यातून पुठ्ठा, बाटल्या, डबे काढून विकतात. उरतं ते ज्याला भंगारवालाही हात लावत नाही: वेफर्सची चकचकीत पाकिटं, बिस्किटांचे पुडे, नूडल्सची वेष्टनं, मसाल्याची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या.

हे सगळं न्यायला एक संस्था तयार आहे. माल कोरडा हवा, स्वच्छ हवा आणि एका खेपेला टेम्पो भरेल इतका हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. कमिटीने पार्किंगमध्ये पिंप ठेवलं, ग्रुपवर मेसेज टाकला. पिंप झटक्यात भरलं. उघडलं तर वर चार रॅपर आणि खाली सॉस माखलेला पिझ्झाचा खोका, चहाचे कप, एक डायपर. तळाशी झाकण घट्ट लावलेला श्रीखंडाचा डबा होता, त्यात हिरवी बुरशी. मुंग्यांची रांग थेट वॉचमनच्या खुर्चीपर्यंत. सेक्रेटरीकाकांनी त्याच संध्याकाळी पिंप उचलायला लावलं.

लोकांचं म्हणणंही अगदीच खोटं नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, मग तेलकट पाकिटं धुवायला पाणी कुठून आणायचं? पावसाळ्यात ती वाळणार कुठे? आणि ‘शेवटी सगळं फुरसुंगीच्या कचरा डेपोलाच जाणार ना?’ हे तर ठरलेलं वाक्य.

तर प्रश्न असा, की कुणी हे प्रत्यक्षात जमवलंय का? बक्षीस, मेंटेनन्समध्ये सूट वगैरेचा उपयोग होतो का? ‘वसुंधरा वाचवा’ छापाचं भाषण कृपया नको. ते आमच्याकडे दर गणपतीत होतं.

खटपट्या

पॅकेजिंगमध्ये नोकरी केली आहे, म्हणून दोन शब्द. वेफर्सचं पाकीट दिसतं एक, पण ते थरांचं असतं. बाहेर छपाईचा प्लास्टिकचा थर, त्यामागे अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ मुलामा, आत गरम करून चिकटणारा आणखी एक थर. ओल आणि हवा आत शिरू नये म्हणून हा खटाटोप. पण थर एकदा चिकटले की सुटे करणं महागात जातं आणि सगळे एकत्र वितळवले तर प्लास्टिकचा दाणा हलक्या प्रतीचा निघतो. त्यात पाकिटाचं वजन काही ग्रॅम. किलोभर जमवायला शेकडो पाकिटं वाकून उचलायची आणि भाव जवळपास शून्य. ताई ती उचलत नाहीत यात त्यांचं काय चुकलं?

दुधाच्या पिशव्या मात्र तुमच्या यादीतून काढा. ते निव्वळ पॉलिथिन आहे, भंगारात विकलं जातं. त्या ताईंनाच द्या, त्यांच्या कमाईच्या आड पिंप नको. फक्त पिशवी फोडताना कोपरा तोडून टाकू नका, चीर देऊन तो पिशवीलाच लटकता ठेवा. तो एवढासा त्रिकोण कुणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून थेट गटारात.

अवांतर: २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर ५० पैसे परतीची किंमत छापायची अट होती. पिशवी परत देऊन ५० पैसे घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

सुलू ठाणेकर

टेट्रापॅकचं सांगते. त्यात साधारण पाऊण हिस्सा कागद असतो, बाकी पॉलिथिन आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम. मुंबईच्या बाजूला सहकारी भांडाराच्या दुकानांत रिकामी खोकी टाकायला पेट्या ठेवल्या होत्या आणि गोळा झालेल्या खोक्यांच्या फळ्या करून शाळांसाठी बाक बनवले. आमच्या बिल्डिंगमधली मुलं ज्यूसची खोकी चपटी करून आणायची ती त्या बाकाच्या फोटोपायी. मोठ्यांचंही तेच आहे हो. पुढे काय होतं ते दिसलं नाही तर माणूस दोनदा करेल, तिसऱ्यांदा करणार नाही. संस्थेला सांगा, मालाचं काय केलं त्याचे फोटो पाठवा. नाही पाठवले तर मीसुद्धा देणार नाही.

अण्णा सांगलीकर

कंपनीने पाच रुपयांच्या पाकिटावर कमवायचं आणि ते पाकीट धुऊन वाळत मी घालायचं? २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने त्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वंही काढली. शिवाय असला बराच माल शेवटी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. जाळायचंच आहे तर ही धुणी कशाला?

मनीप्लांट

अण्णा, जबाबदारीचं शंभर टक्के मान्य. पण नियम अमलात येईपर्यंत ते पाकीट आमच्या मागच्या नाल्यात बसलेलं असतं, त्याचं काय करू?

गोंयकार

अण्णांची शंका रास्त आहे. आमच्या गोव्यातही साळगावच्या प्रकल्पातून विकलं न जाणारं प्लास्टिक गठ्ठे बांधून सिमेंट कारखान्यांकडे जातं. उघड्यावर पेटवण्यापेक्षा किंवा शेतात उडण्यापेक्षा बरं, एवढंच मी म्हणेन. लोकांना मात्र खरं तेच सांगा. ‘याच्या खुर्च्या होतात’ म्हणून गोळा केलं आणि उद्या भट्टी निघाली, तर परत कुणी दारात उभं करणार नाही.

आता मुद्द्याचं. पिंप ठेवू नका, वार ठेवा. आमच्याकडे सुका कचरा ठरलेल्या दिवशीच नेतात, एरवी तो आपल्या घरात. पिंपात कोण काय टाकतो ते कुणाला कळत नाही, म्हणून डायपर येतो. टेबल मांडून माणूस बसला आणि हातात पिशवी द्यायची असली की शेजाऱ्यांदेखत डायपर कोण देणार?

रविवारचीरद्दी

+१, पिंप म्हणजे आमंत्रणच.

बक्षिसाबद्दल: छत्तीसगडमधल्या अंबिकापूरला २०१९ मध्ये गार्बेज कॅफे निघाला, एक किलो प्लास्टिक द्या आणि जेवा. तिथे ते शोभतं, कारण कचरा वेचून पोट भरणाऱ्याला त्या जेवणाची किंमत आहे. तुमच्या सोसायटीत बिर्याणी अ‍ॅपवरून येते. आणि मेंटेनन्समध्ये सूट द्याल तर पुढच्या एजीएममध्ये कुणाच्या पिशवीचं वजन किती भरलं यावर तास जाईल.

त्यापेक्षा वस्तू दाखवा. पुण्यातच रिचरखा म्हणून उपक्रम आहे. पाकिटांच्या, पिशव्यांच्या पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणून त्यांच्या बॅगा करतात. एक बॅग आणून त्या टेबलावर ठेवा. जवळून पाहिलं की विणीत कुठे बिस्किटाचा लाल, कुठे वेफर्सचा निळा ओळखू येतो. मुलं तर पैजा लावून ओळखतात. चुरगळून बोळा केलेल्या किंवा टराटरा फाडलेल्या पाकिटाची धड पट्टी निघत नाही, हेही बॅग हातात असली की न सांगता समजतं.

सुलू ठाणेकर

पाण्याचं राहिलंच. धुवायला सांगूच नका! वेफर्सचं पाकीट उभं कापून उघडं करायचं, जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने आतलं तेल-मीठ पुसायचं, झालं. बिस्किटाचा पुडा नुसता झटकला तरी पुरे. दूध-ज्यूसचं खोकं मात्र विसळावंच लागतं, नाहीतर दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. भांडी विसळलेलं शेवटचं पाणी त्याला चालतं. पावसाळ्यात सिंकवर दोरी बांधून चिमट्याने लटकवते मी. आमच्या सासूबाई आधी हसल्या, आता चिमटे कमी पडले की त्याच ओरडतात.

मनीप्लांट

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. कमिटीशी बोलून आले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी टेबल मांडायचं, तेव्हाच रद्दीवालाही येतो, म्हणजे लोक तसेही खाली उतरतात. सुरुवातीला फक्त वेफर्स, बिस्किटं आणि नूडल्स घेणार. शाम्पूच्या पुड्या आणि ओले मसाले नकोतच, ते पुसायचं म्हणजे शिक्षा. दुधाच्या पिशव्या ताईंना. माल कुठे जातो ते संस्थेकडून लेखी मागितलंय. भट्टी असेल तर बोर्डावर भट्टी असंच लिहू.

एक अडचण उरली. गाडी भरेपर्यंत गोण्या ठेवायच्या कुठे? मीटर रूमला सेक्रेटरीकाका ठाम नाही म्हणतात.

खटपट्या

काका बरोबर आहेत, असला माल भुरुभुरु पेटतो. मीटर रूम नको, जिनाही नको. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांना तोच रविवार द्या, म्हणजे टेम्पो त्याच दिवशी भरेल आणि गोणी मुक्कामाला राहणारच नाही. त्यांच्या सेक्रेटरींना पटवायला मात्र तुमच्या काकांनाच पाठवा. पिंप उचलायला लावणारा माणूस येऊन सांगतोय म्हटल्यावर ते ऐकतील.