कॅन्सरच्या उपचारात मनाचं कोणी विचारलं होतं का? अनुभव लिहा

अबोली: कपाट आवरताना आईची केमोची फाईल सापडली. त्यात थर्मामीटरचं चित्र असलेला कागद. गेल्या आठवड्यात मनाला त्रास किती, 0 ते 10. आईने 7 वर खूण केलीय. खाली कारणांत 'झोप' आणि 'मुलांची काळजी'. मुलं म्हणजे मी :( साधारण 4 किंवा त्याहून जास्त आलं की पुढची विचारपूस करायची असते, हे आत्ता वाचलं. तेव्हा कागद फाईलला लागला, संपलं. तुमच्याकडे काय झालं?

भटकभवानी: 7 आणि कोणी काहीच नाही?? डोकंच फिरलं.

घड्याळजी: आमच्याकडे उलटंच. बाबांना काही सांगू नका असं आम्हीच डॉक्टरांना बजावलेलं. बाबांना सगळं माहीत, आणि आम्हाला त्रास नको म्हणून तेही गप्प. समुपदेशक बाईंनी आम्हाला बाहेर बसवलं आणि त्यांना विचारलं, "तुम्हाला कितपत जाणून घ्यायचंय?" बराच वेळ बोलत होते. बाहेर येऊन पहिलं वाक्य: विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते बघून घे.

रातकिडा: डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टिरॉइड) दिलं की मी रात्रभर टक्क जागा. वाटलं, वेड लागतंय. नर्स म्हणाली स्टिरॉइडने होतं असं, गोळी सकाळी घेता येईल का डॉक्टरांना विचारा. हे आधी सांगायला काय जातं? पहाटे 3 ला ड्रॉवर लावत बसायचो. बायको म्हणते घर तेव्हाच काय ते नीट होतं 😂

भटकभवानी: @रातकिडा 😂😂 आमच्याकडे पाठवा

सायली_से: मी स्वतः पेशंट. 'पॉझिटिव्ह राहा' ऐकून कान किटले. रडलं की गाठ वाढते म्हणे! मग नळ सोडून बाथरूममध्ये रडायचं. नाही वाढत हो रडून. आणि एक, मनासाठी गोळ्या घेणार असाल तर टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू असल्याचं आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिनने त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. दुसऱ्या गोळ्या असतात. मनाने काही बंद करू नका मात्र.

वॉर्डातली: नर्स आहे, ड्युटीवरून लिहितेय. अबोली, तो फॉर्म भरायला दोन मिनिटं पुरतात. घोडं अडतं पुढे: 7 आला तर कळवायचं कोणाला, हेच ठरलेलं नसतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड यांनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमध्ये 1977 मध्ये यासाठी वेगळी सेवा उभी केली, म्हणजे विषय काही कालचा नाही. आमच्या फॉर्मवर आता समुपदेशकाचा नंबरच छापलाय. आणि पडदा ओढून, एकट्याला विचारावं. नातेवाईक शेजारी असले की सगळे 2 लिहितात.

घड्याळजी: 2? बाबांनी 1 लिहिलेला.

पेंगुळलेली: मुलाला आणायला निघालेय, घाईत. स्कॅन जवळ आला की नवरा आठवडाभर सगळ्यांवर खेकसतो. उपचार कधीच संपलेत तरी. कोणाकडे होतं असं?

सायली_से: @पेंगुळलेली दर वेळी. रिपोर्ट कधी आणि कोण सांगणार ते मी स्कॅनच्या आधीच विचारून ठेवते. निदान दिवसभर फोनकडे बघत बसणं वाचतं.

पेंगुळलेली: हे सुचलंच नव्हतं. बुधवारी विचारते. तो विचारणार नाही, मलाच विचारावं लागणार.